कुठल्या शहाण्याने लावलाय हा पाइप

"कुठल्या शहाण्याने लावलाय रे हा पाइप?" असं मी दादाला फोनवर विचारलं. विचारलं कसलं, सुनावलंच. कारण गाडी आमच्या दोघांची, तिच्या बोनेटखाली हात घातलेली माणसं मुख्यतः दोनच, एक तो आणि एक मी, आणि असलं काम मी करणार नाही याची मला पक्की खात्री. पलीकडे दादा दोनेक सेकंद गप्प बसला, मग म्हणाला, "असेल बाई, आता आठवत नाही," आणि गुडघ्याचं काहीतरी सांगायला लागला. त्यानंतर पाइप बदलून झाला, व्हॉल्व्ह बदलून झाला, गाडी आता बरी चालतीये, पण ते "असेल बाई" काही डोक्यातून जात नाहीये.

गाडी म्हणजे जुनी फोर बाय फोर, पेट्रोल, कार्बोरेटरवाली, चार सिलिंडर, दार एकदा आपटून लागत नाही, दोनदा आपटावं लागतं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतली आणि तिच्यावरच पाना धरायला शिकलो. म्हणजे दादा शिकला आणि मी त्याला पाने देत देत शिकले, "चौदाचा दे, अगं चौदाचा, हा पंधराचा आहे," असं. पुढे त्याचे गुडघे गेले, गाडीखाली झोपणं संपलं, वाकून उभं राहणंही अवघड झालं, तेव्हापासून सगळं माझ्याकडे. तो फोनवर असतो. फोनवरचा मेकॅनिक म्हणजे काय असतं ते ज्याला आहे त्यालाच कळेल, त्याला काही दिसत नसतं आणि तरी त्याचंच बरोबर निघतं.

सुरुवात झाली पुठ्ठ्यापासून. गाडीखाली मी कायम एक पुठ्ठा टाकून ठेवते, सकाळी त्यावर किती थेंब आहेत ते बघायचं, जुन्या गाडीचं हे रोजचंच. जुनी गाडी थेंब टाकतेच, न टाकणारी गाडी म्हणजे ऑइल संपलेली गाडी, असं दादा म्हणायचा. पण दोन-तीन थेंबांचा डाग हळूहळू तळहाताएवढा झाला, आणि जागाही वाईट, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथल्या भोकातून. मग एकदा एका लांबलचक चढावर, लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण जोरकस गिअरांत, दुसऱ्या गिअरला रडत रडत वर पोचल्यावर जळक्या ऑइलचा वास आला म्हणून बोनेट उघडलं, तर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, दोन बोटं वर आलेली आणि शेजारी सगळीकडे ऑइलचे शिंतोडे, एक्झॉस्टवर पडलेले धुमसतायत. डिपस्टिक दाबून बसवली. पुढच्या चढाला परत वर. तिसऱ्यांदा मी तिला रबरबँड लावला. हो, मीच. हे लिहिताना लाज वाटतीये, पण लिहायला बसलेच आहे तर पूर्ण लिहिते. रबरबँडने डिपस्टिक जाग्यावर राहिली आणि आठवड्याभरात पुठ्ठ्यावरचा डाग दुप्पट झाला.

तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं.

ज्या मेकॅनिकला गाडी दाखवली त्याने खाली वाकून बॅटरी मारली, बोट फिरवलं, वास घेतला आणि सांगितलं की मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आणि उतरवतोच आहे तर इंजिनपण खोलून रिंगा टाकून घ्या, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली निसटतोय. त्याचं अगदीच चूक नव्हतं. फिलर कॅप, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं झाकण, काढून दाखवली त्याने, चालू इंजिनमधून धूर फक फक करत बाहेर येत होता, पंप मारल्यासारखा. घरी आले, रात्री झोप लागेना. इंजिन खोलायचं म्हणजे नुसता खर्च नसतो, एकदा खोललं की आतलं काय काय दिसेल याची धास्ती असते. आणि एक गोष्ट जुळत नव्हती. रिंगा खरंच गेल्या असत्या तर गाडीची ओढ गेली असती, मागून निळा धूर पडला असता, प्लग ऑइलने काळे ओले निघाले असते. प्लग मी त्याच आठवड्यात काढून बघितले होते, छान तपकिरी होते, चारही. ओढ तर तशीच. म्हणजे आत दाब तयार होतोय तो ठीकच आहे, पण तो जातोय कुठे?

दाब तर नव्या इंजिनातही होतो, हे लोकांना पटकन पटत नाही. पिस्टनची रिंग म्हणजे पूर्ण कडं नसतं, तिला दोन टोकं असतात आणि टोकांमध्ये नखाच्या जाडीएवढी फट मुद्दाम सोडलेली असते, कारण तापल्यावर रिंग फुगते, फट नसेल तर ती सिलिंडरमध्ये अडकून बसेल. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं. प्रत्येक स्फोटातलं थोडंसं त्या फटींतून, रिंगांच्या कडेने खाली निसटतं, न जळलेलं पेट्रोल, जळलेला वायू आणि पाण्याची वाफ. पाणी तर किती, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, बहुतेक सायलेन्सरमधून जातं पण थोडं खाली ऑइलमध्येही उतरतं. थंडीत गाडी रोज पाच मिनिटंच चालवली की फिलर कॅपच्या आतून जो पिवळट पांढरा मलमासारखा थर येतो तो हाच. हे सगळं क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, साठतं आणि तिथून त्याला वाट लागते. वाट दिली नाही तर हा दाब ती आपली आपण करून घेतो, सगळ्यात कच्च्या सीलमधून. (इथे आता माणसाच्या मनाबद्दल दोन ओळी टाकायचा फार मोह होतोय. नाही टाकत. इंजिन आहे ते.)

आमच्या गाडीत ही वाट म्हणजे दोन पाइप. एक एअर क्लीनरपासून टॅपेट कव्हरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणापर्यंत, त्यातून स्वच्छ हवा आत जाते. दुसरा टॅपेट कव्हरच्या दुसऱ्या टोकापासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळ्यांपर्यंत, त्यातून घाण हवा ओढली जाते आणि परत सिलिंडरमध्ये जाऊन जळते. दुसऱ्या पाइपच्या तोंडाशी पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह, अंगठ्याएवढा, आत एक दट्ट्या आणि स्प्रिंग. आयडलला मॅनिफोल्ड जोरात ओढत असतं तेव्हा दट्ट्या बराचसा बंद होऊन थोडीशीच हवा सोडतो, अ‍ॅक्सिलरेटर दिला की ओढ कमी होते, दट्ट्या मागे येतो आणि जास्त हवा सोडतो. इंजिनने उलटा फटका मारला तर पूर्ण बंद, म्हणजे आग खाली जायला नको. अशा क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूंवर माझा फार जीव आहे. हलवला की खुळखुळ वाजला पाहिजे, नाही वाजला तर गेला, इतकी सोपी परीक्षा.

हा व्हॉल्व्ह यायच्या आधीच्या गाड्यांना नुसती नळी असायची, इंजिनातून खाली रस्त्याकडे तोंड केलेली, गाडी पळायला लागली की वाऱ्याने घाण हवा खेचली जायची. उभ्या गाडीत किंवा दगडांतून रांगत जाणाऱ्या गाडीत खेचायला वाराच नाही, आणि पाण्यात उतरवलीत तर नळीचं तोंडच बुडणार. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हा व्हॉल्व्ह होता, म्हणजे ही वस्तू लोकांना कळायच्या आधी पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांना कळली. साध्या मोटारींना ती धुरक्यामुळे मिळाली, १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत. पण मला ती खरी ओळखीची आहे ती चढावर. गाडी नाकाने आकाशाकडे गेली की टॅपेट कव्हरमधलं ऑइल मागच्या टोकाला जमतं, आणि ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पोचलं की सरळ गिळलं जातं, वर पोचल्यावर मागून निळ्या धुराचा एक भपका येतो आणि आपण घाबरतो. तसं होऊ नये म्हणून कव्हरच्या आतून एक पत्रा रिव्हेट केलेला असतो आणि त्याच्यामागे तारेचा गुंता. हे मला तेव्हा पुस्तकी माहीत होतं. स्वतः उघडून कधी बघितलं नव्हतं.

तर एका रविवारी मी माप घ्यायचं ठरवलं. पारदर्शक नळी दोन मीटर, लाकडाच्या पट्टीवर इंग्रजी यूसारखी बांधली, आत शाईचं पाणी, एक टोक डिपस्टिकच्या जागी घट्ट बसवलं आणि पट्टी बरीच खाली लटकवली, चुकून जास्त ओढ लागली तर पाणी इंजिनात जायला नको म्हणून. इंजिन चालू केलं. पाणी थोडंसं आतल्या बाजूला ओढलं गेलं. म्हणजे सगळं ठीक! मला इतका राग आला, ठीक असल्याचा राग. पट्टी सोडायला हात घातला होता खरं तर, पण हात ऑइलचे होते म्हणून फडका शोधायला गेले, तो सापडेना, येईपर्यंत दहा-बारा मिनिटं झाली असतील, इंजिन तापलं होतं. बघते तर दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलेलं. मग माझ्या डोळ्यांदेखत ते उलट्या बाजूला सरकायला लागलं, अगदी हळू, दिव्याची वात वर करावी तसं, एक बोट, दोन बोटं, चार. रेस दिली तर निळं पाणी वरून उडून माझ्या बाहीवर.

गार असताना वाट उघडी आणि तापल्यावर बंद. व्हॉल्व्ह असा वागत नाही. हाताने चाचपत गेले आणि कार्बोरेटरच्या मागे, जिथे पाइप वळतो आणि नजर पोचत नाही, तिथे तो बोटाला मऊ लागला. आरशाचा तुकडा धरून बघितलं, वळणावर पाइप चपटा झालेला, रिकाम्या मोज्यासारखा. इंजिन बंद केलं की सुस्कारा टाकून परत गोल. बाहेरून काळाभोर, एक चीर नाही, इतका देखणा पाइप की शंका यायचं कारणच नाही. काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून स्पंजासारखं झालं होतं, सुरकुत्या पडलेल्या, मध्ये पेन्सिलच्या शिशाएवढं भोक राहिलेलं. हा हीटरचा पाइप होता. गरम पाणी वर्षानुवर्षं सोसेल, पण ऑइलची वाफ लागली की हे रबर फुगतं. इथे ऑइलला टिकणारा, नायट्राइल रबराचा पाइप लागतो, हातात धरून दोन्ही सारखेच दिसतात, छापलेलं वाचलं तरच कळतं.

आणि तिथेच, चिरलेला पाइप एका हातात धरून, मी दादाला फोन लावला होता.

पुढचा सगळा दिवस रागात छान गेला. टॅपेट कव्हर काढलं, उलटं केलं, पत्र्यामागची तारेची जाळी डांबर ओतल्यासारखी गच्च. व्हॉल्व्ह हलवला, आवाज नाही, आत काळा गोंद. आणि मग एक गोष्ट लक्षात आली जिने जरा चपापले. गेली कित्येक वर्षं एअर फिल्टरला खालून ऑइल लागायचं, फिल्टर काढला की बोटं चिकट, आणि साधारण वर्षापूर्वी ते लागायचं थांबलं होतं. मी खूश होते. दादाला कळवलंही होतं की सुधारली बघ आपोआप. आता कळतंय की ओढणारी वाट बंद पडल्यावर इंजिन बिचारं स्वच्छ हवेच्या पाइपातून उलटं सोडत होतं, म्हणून फिल्टरला ऑइल. मग हळूहळू तिकडची जाळीही तुंबली आणि दोन्ही वाटा संपल्या. ज्या दिवशी फिल्टर कोरडा निघाला त्या दिवसापासून सील भोगायला लागलं. आणि वर मी डिपस्टिकला रबरबँड लावला.

कव्हर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं, सकाळी रॉकेल काळं, परत ताजं, असं तीनदा. जाळीत तार खुपसायचा मोह आवरला, कारण तुकडा तुटून आत राहिला की तो थेट खाली इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवर पडणार. हलवून हलवून, उपडं करून, शेवटी तोंडाने फुंकर मारल्यावर पलीकडून हवा आली तेव्हा रॉकेलच्या चवीसकट बरं वाटलं. नवीन कॉर्कचं पॅकिंग टाकलं. इथे एकच सांगते, कव्हरचे बोल्ट जीव खाऊन आवळायचे नसतात, कॉर्क चेपून बाहेर येतं, पत्रा वाकतो आणि मग जन्मभर गळतं. मनगटाने आवळायचं, खांद्याने नाही. हे वाक्य दादाचं आहे. व्हॉल्व्ह त्याच इंजिनाचा मागवला होता. हातात बसतो म्हणून दुसराच टाकायचा नाही, प्रत्येकाचं हवा सोडण्याचं माप वेगळं असतं.

मग नवा पाइप. कार्बोरेटरच्या मागे, मॅनिफोल्डच्या टोकावर त्याची क्लिप आवळायची म्हणजे हात डाव्या बाजूने, दोन केबलींच्या मधून घालायचा, कोपर बॅटरीवर टेकवायचं आणि नुसत्या बोटांनी स्क्रू शोधायचा. मी डावरी आहे. मला तो हात तिथे सहज जातो. क्लिप सरकवली, आवळली, आरसा धरून बघितलं तर स्क्रूचं डोकं फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, तिरकं खाली. सरळच होतं, माझ्या हाताला तसंच जमतं. आणि मग जुनी क्लिप शेजारच्या डब्यात पडलेली दिसली आणि आठवलं की काढतानाही स्क्रू मला तिथेच सापडला होता, तिरका खाली, फायरवॉलकडे, एका क्षणात, न शोधता.

दादाची क्लिप अशी नसते. दादा उजवा आहे, आणि तो क्लिपचा स्क्रू नेहमी वर ठेवतो, उजेडाकडे, कितीही अडचण झाली तरी, नंतर ज्याला काढायची त्याला दिसावी म्हणून. गाडीतली प्रत्येक क्लिप मी फिरून बघितली. रेडिएटरच्या, पेट्रोल पंपाच्या, स्क्रू सगळे वर. हीटरच्या दोन क्लिपा मात्र तिरक्या. हीटरचे पाइप मी बदलले होते, खूप वर्षांपूर्वी, दादा घरी नसताना, पहिल्यांदा एकटीने. तेव्हा एक वीतभर तुकडा उरला होता. टाकून कशाला द्यायचा. शेजारचा छोटा पाइप चिरलेला दिसत होता, जाडी तीच, लावून बघितला तर असा बसला, असा बसला की जणू तिथलाच. संध्याकाळी दादाला बोनेट उघडून दाखवलं होतं. तो वाकून बघत म्हणाला होता, "छान बसलाय." एवढंच. हे मला शब्दशः आठवलं, त्याच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडासकट, आणि इतकी वर्षं ते कुठे जाऊन बसलं होतं देव जाणे.

आता त्याला तेव्हा कळलं होतं का? रबर बघून कळणारा माणूस आहे तो. कळूनही, पोरगी पहिल्यांदा एकटीने काही करतीये म्हणून गप्प बसला? की त्यालाही कळलं नाही, आणि त्या दिवशी फोनवरचे दोन सेकंद म्हणजे खरंच नुसतं आठवत बसणं होतं? मला दोन्ही शक्य वाटतंय आणि दोन्हीचा त्रास होतोय. पहिलं असेल तर सीलची वाट लावली ती त्या "छान बसलाय"ने, असाही एक विचार आला, आणि आपण किती पटकन दुसऱ्याकडे बोट फिरवतो हे बघून मी ती क्लिप डब्यात टाकून घरात निघून गेले.

गाडी लगेच चालू केली नाही. दोन दिवसांनी केली. आयडल वेडंवाकडं, भुर्र भुर्र करून बंद पडायचं, क्षणभर वाटलं आणखी काहीतरी घालवलं आपण. मग उलगडलं की कार्बोरेटर मी इतकी वर्षं तुंबलेल्या इंजिनाच्या हिशोबाने लावत आले होते, आता त्याला व्हॉल्व्हमधून जास्तीची हवा मिळतीये, मिश्रण पातळ पडतंय. मिक्स्चरचा स्क्रू थोडा सोडला, आयडलचा जुळवला, मग लागलं नीट. तापू दिलं वीस मिनिटं. नळीतलं निळं पाणी आत ओढलेलं राहिलं, दोन बोटं, हलायचं नाव नाही.

मग दादाला फोन केला. सरळच म्हटलं, "दादा, तो पाइप मीच लावला होता. हीटरचा उरलेला."

"कुठला पाइप?"

"अरे तोच, ज्यावरून मी तुला बोलले."

"हां हां. ते जाऊ दे, कागद चिकटला का?"

कागद ही त्याची पद्धत. फिलर कॅप काढायची, चालू इंजिनावर भोकावर कागदाचा कपटा ठेवायचा. मी म्हटलं अरे मी पाण्याने मोजलंय, दोन बोटं ओढ आहे, तर म्हणाला पाण्याचं मला काय माहीत, कागद ठेव. मी फोन पंख्यापासून लांब, बॅटरीवर ठेवला, वहीचं पान फाडलं आणि भोकावर धरलं. आधी ते कडेने नुसतं फडफडलं, मग एकदम छप्प करून बसलं, मधोमध थोडं आत खोलगट झालं आणि इंजिनाच्या तालावर बारीक थरथरत राहिलं. मी हात काढून घेतला. ऑइलचा एक पिवळा ठिपका कागदावर हळूहळू मोठा होत होता.

"चिकटला," मी ओरडून सांगितलं.

पलीकडून काहीच नाही. म्हटलं लाइन गेली की काय. मग त्याचा आवाज आला, "आयडल जास्त आहे तुझं. पाव आटा सोड."

मी डाव्या हाताने पाव आटा सोडला.